हललेला फोटो

लोणकर सरांबरोबर मी सात वर्षं एका शाळेत काढली आणि त्या सात वर्षांत माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळीचा डोस दोनदा वाढला. डॉक्टर म्हणतात वयामुळे. म्हणू देत. डॉक्टरांनी लोणकर सरांना वृक्षारोपणाचा फोटो काढताना पाहिलेलं नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, वर्ध्यापासून पंचवीस किलोमीटरवर, पहिली ते चौथी. मी मुख्याध्यापिका, आणि माझ्या हाताखाली दोन शिक्षक. हाताखाली हा शब्द कागदावरचा. एक पल्लवी मॅडम, वय तीस, हातात कायम नवा मोबाईल. दुसरे लोणकर सर, मूळचे आष्टीकडचे, राहायला माझ्यासारखेच वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांच्या डब्याच्या पिशवीत डब्याखाली एक काळा, जड, खराखुरा कॅमेरा असायचा, वहिनींच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला. पिशवीला भाजीचं तेल लागलेलं त्यांना चालायचं, दुपट्ट्याला लागलेलं चालायचं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिक्षकाचं काम शिकवणं. आमचं काम फोटो पाठवणं. पोरांनी हात धुतले, फोटो. खिचडी खाल्ली, फोटो. शपथ घेतली, झाड लावलं, झाडाला पाणी घातलं, झाड वाळलं म्हणून दुसरं लावलं, प्रत्येकाचा फोटो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर वरून हुकूम येतो, 'एक तासाच्या आत'. मी बदलून आले तेव्हा फोटोचं खातं लोणकर सरांकडे होतं आणि ते त्यांनी कोणी मागूनही दिलं नाही.

आता एक तासाच्या आत म्हटल्यावर शहाणा माणूस काय करेल? मोबाईल काढेल, टिचकी मारेल, पाठवेल. लोणकर सर आधी अंगणात जाऊन उभे राहायचे आणि आभाळाकडे बघायचे. मग आत येऊन सांगायचे की उजेड नाई. आपल्या वर्ध्यात, एप्रिल महिन्यात, दुपारी बारा वाजता, जिथं डोळे उघडवत नाहीत तिथं यांना उजेड नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, ऊन डोक्यावर असलं की पोरांच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, नाकाची सावली मिशीसारखी पडते. अकरा ते तीन फोटो काढायचा नाही हा त्यांचा नियम. आणि वरचे सगळे हुकूम बरोबर अकरा ते तीनमध्येच येणार.

वृक्षारोपणाचं सांगते. तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांना पुढे अजून चार शाळा करायच्या होत्या. खड्डा तयार, रोप तयार, झारी तयार, साहेब रोप धरून वाकलेले. लोणकर सर कॅमेरा डोळ्याला लावून उभे, आणि खट् असा आवाज काही येईना. साहेबांनी मान वर करून पाहिलं. सर म्हणाले, "साहेब, तो ढग येऊन राह्यला, दोन मिनिटं असेच रहा." साहेबांना कमरेचं दुखणं होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, सरांना कॅमेऱ्यातून दिसायला हवं होतं. ढग काही येईना. शेवटी साहेबांच्या ड्रायव्हरनं बाजूनं मोबाईलवर एक फोटो काढला, साहेब सरळ झाले, गाडीत बसले आणि गेले. त्यानंतर ढग आला. लोणकर सरांनी त्या सुंदर मऊ उजेडात रोपाचा, खड्ड्याचा आणि झारीचा फोटो काढला. फोटो चांगला होता हे मी नाकारत नाही. त्यात साहेब नव्हते एवढंच.

पुढे वरून नवीन नियम आला की फोटोवर गावाचं लोकेशन छापून आलं पाहिजे. ते मोबाईलमध्ये आपोआप येतं. सरांच्या कॅमेऱ्यात येत नाही. सरकारी पोर्टलनं त्यांचे फोटो परत पाठवले. मी म्हटलं, सर, आता तरी मोबाईल घ्या हातात. मोबाईल होता त्यांच्याकडे, चांगला होता, मुलानं घेऊन दिलेला. त्याचा उपयोग ते चष्मा सापडत नसला की आरशासारखा करायचे. पण नाही. त्यांनी फोटोंचे प्रिंट काढले, प्रत्येकाच्या मागे पेनानं गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि 'शाळेच्या उत्तरेकडील भिंतीजवळ' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि एक दिवसाची रजा टाकून एसटीनं जाऊन ते पंचायत समितीत नेऊन दिले. तिथल्या बाबूला ते काय आहे हेच कळेना. त्यानं मला फोन करून विचारलं की मॅडम, हे कोणाच्या लग्नाचे आहेत का. त्या दिवसापासून मी पल्लवीला गुपचूप सांगून ठेवलं की सर फोटो काढतील तेव्हा तूही मागे उभी राहून मोबाईलनं काढत जा. पोर्टलवर तिचे जायचे. सरांना माहीत होतं. महिनाभर माझ्या डब्यातलं लोणचं त्यांनी घेतलं नाही.

पल्लवीचं आणि त्यांचं या विषयावर मधल्या सुट्टीत रोज वाजायचं. ती म्हणायची, सर, आता कॅमेऱ्याचे दिवस संपले, वर्ध्यात लग्नाचे फोटोवाले सोडले तर कोणाच्या हातात दिसतो का सांगा. मोबाईल अंधारात काढतो, चंद्राचा काढतो, मागचं धूसर करतो, डोळे मिटले असले तर उघडे करून देतो. तिचं सगळं खरं होतं. मला तर पटायचंच. माझ्या भाचीच्या लग्नाचा हजार फोटोंचा अल्बम आमच्याकडे कोणी उघडत नाही आणि मोबाईलवरचे फोटो सगळे रोज बघतात.

सर पोळीचा घास तोडत शांतपणे ऐकून घ्यायचे. मग एकच वाक्य टाकायचे. ते त्यांचं ठरलेलं होतं. "कॅमेरा समोर जे हाये ते काढते, मॅडम. मोबाईल तुमाले जे पाह्यचं हाये ते काढते."

"मंग लोकाइले तेच तर पाह्यजे ना सर," पल्लवी म्हणायची, आणि सर मान हलवून डबा बंद करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. त्या वादाला मी इतकी कंटाळले होते की एकदा दोघांनाही सांगितलं, यापुढे मधल्या सुट्टीत फक्त भाज्यांबद्दल बोलायचं.

एवढं सगळं मी सहन का केलं, तर चौथीच्या फोटोंसाठी.

चौथी झाली की आमची पोरं गाव सोडून मोठ्या गावच्या शाळेत जातात. त्यांच्या निरोपाच्या दिवशी लोणकर सर प्रत्येकाला एक पाकीट द्यायचे. त्यात त्या पोराचा एकट्याचा एक फोटो, कागदावर छापलेला, आणि पाकिटावर त्याचं पूर्ण नाव. हे ते नोकरीला लागल्यापासून करत आले होते, प्रत्येक शाळेत. सगळ्या पोरांचे वर्षभर मोबाईलवर शेकडो फोटो निघतात, पण ते घोळक्यात, रांगेत, खिचडीच्या ताटासमोर. एकट्याचा, नीट बसवून, कोणी पाच मिनिटं आपल्याकडेच बघतं आहे असा फोटो यांचा आयुष्यात पहिलाच असायचा. शाळेच्या गावात कोणत्याही घरात जा, देवाच्या शेजारी भिंतीवर ते फोटो लावलेले दिसतील. आता बाप झालेल्या माणसांचेही.

त्यांची काढायची पद्धतही बघण्यासारखी होती. सकाळी साडेसातला, उत्तरेच्या व्हरांड्यात, माझी ऑफिसची खुर्ची बाहेर काढून तिच्यावर पोराला बसवायचे. पोर लगेच फोटोचा चेहरा करायचं, म्हणजे ताठ मान आणि मोठे डोळे. सर कॅमेरा डोळ्याला लावून म्हणायचे, नवाचा पाढा म्हण. पोर गोंधळायचं. म्हणायला लागायचं. चोपन्नपर्यंत सगळ्यांचं सुरळीत जातं. त्रेसष्टाशी आलं की पोर स्वतःला विसरतं, आठवायला लागतं, आणि तेवढ्यात खट्. मी त्यांना एकदा म्हटलं होतं की तुमच्यामुळे आपल्या शाळेचा नवाचा पाढा त्रेसष्टाच्या पुढे कोणी शिकलं नाही.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरू लागला.

मला ते आधी चहाच्या बशीवरून कळलं. मग फळ्यावरच्या अक्षरावरून. विचारलं तर म्हणाले, रात्री हातावर झोपलो. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, गाडी चालवून चालवून. वहिनींनी त्यांची गाडी बंद केली होती, ते येत होते एसटीनं. मग वहिनींचाच मला फोन आला. डॉक्टरनं सांगितलं होतं की हे आता वाढत जाईल, गोळ्यांनी थोडं दबेल, आणि सर गोळ्या घेत नव्हते. "तुमी सांगून पहा मॅडम," वहिनी म्हणाल्या, "माह्यं तर ते आयकूनच नाई राह्यले." मी सांगितलं. माझंही ऐकलं नाही. गोळ्यांनी झोप येते आणि झोपेत फोकस चुकतो, असं त्यांचं म्हणणं.

फोटो हलू लागले होते. आता हलले फोटो तर हलले म्हणावं की नाही? नाही. पोरगं हललं, उजेड कमी होता, कार्ड जुनं झालं. कॅमेऱ्याखाली तिवई का लावत नाही विचारलं तर म्हणाले, तिवई डोंगराचे फोटो काढाले असते. पल्लवीनं एक दिवस बिचारीनं अगदी हळू आवाजात सांगितलं की सर, नवीन मोबाईल हात हलला तरी आतल्या आत सांभाळून घेतो. तिला वाटलं आपण मदत करतोय. सर उठून वर्गात निघून गेले. या माणसाला एकच गोष्ट हवी होती हे आम्हा दोघींना माहीत होतं. एप्रिलअखेर ते रिटायर होणार होते, आणि चौथीतल्या शेवटच्या नऊ पोरांचे फोटो त्यांना स्वतःच्या हातानं काढायचे होते. एवढं साधं होतं, आणि ते होईल असं मला वाटत नव्हतं.

त्या नऊ जणांत गुंजन नावाची एक मुलगी होती. हुशार, बडबडी, आणि डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याची खूण. लहानपणी कढईतलं तेल उडालं होतं. ती केस नेहमी त्या बाजूनं पुढे घ्यायची, प्रार्थनेतसुद्धा. सरांनी तिला खुर्चीवर बसवलं तेव्हा मी ऑफिसच्या दारात उभी होते. केस मागे घे, असं ते एका शब्दानं म्हणाले नाहीत. पाढा सुरू केला. त्रेसष्टाशी ती अडखळली, विचार करता करता तिनं स्वतःच केस कानामागे टाकले. पल्लवीही नेहमीसारखी मागून मोबाईलवर काढत होती.

फोटो स्टुडिओत न्यायची वेळ आली त्या संध्याकाळी वहिनींनी सरांना बळेच डॉक्टरकडे नेलं. निरोप समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे आलं, आणि पाकिटंही आली. त्यांच्यावरची नावं सरांनी आधीच लिहून ठेवली होती. अक्षर मुंग्या चालल्यासारखं वाकडं.

वर्ध्याच्या स्टुडिओतल्या माणसानं ते फोटो मोठ्या पडद्यावर उघडले आणि माझ्याकडे बघितलं. नऊपैकी सात हललेले. एकात गुंजनला दोन नाकं. जे दोन हलले नव्हते त्यांत एकाचं अर्धं डोकं कापलेलं. मी तिथंच स्टुलावर बसले. मला सरांचा राग आला होता, खरंच आला होता. गोळ्या घेतल्या असत्या तर. तिवई घेतली असती तर. उद्या सकाळी नऊ पोरांसमोर हा माणूस काय वाटणार होता?

मी पल्लवीला फोन केला. तिनं पाच मिनिटांत नऊ फोटो पाठवले. तीच खुर्ची, तोच व्हरांडा, फक्त दोन हात बाजूनं. सगळे स्वच्छ, ठसठशीत, सुंदर. मी ते छापून घेतले, सरांच्या पाकिटांत घातले आणि पाकिटं चिकटवून टाकली. तिच्या मोबाईलमध्ये चेहरा गुळगुळीत करायची सोय आपोआप चालू असते, हे तिला आठवलं नाही आणि मला तर माहीतच नव्हतं. घाईत मी नीट पाहिलंही नाही.

सकाळी सरांनी शाळेच्या फाटकातच विचारलं, "हलले तं नाई ना, मॅडम?"

"नाही सर. छान आले."

त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला तोंड फिरवावं लागलं. समारंभाआधीच त्यांनी माझा डबा उघडायला लावून लोणचं मागून घेतलं.

समारंभात नऊ पोरांनी नऊ पाकिटं फोडली. आरडाओरडा झाला, एकमेकांचे फोटो ओढून बघणं झालं. गुंजन मात्र आपल्या फोटोकडे बघत जागेवरच उभी. मग ती धावत सरांकडे गेली.

"सर, माहा डाग गेला."

तिचा आनंद मला आजही आठवतो. सरांनी फोटो हातात घेतला, लांब धरला. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, मग फोटोत बाजूनं आलेल्या मागच्या भिंतीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. मग माझ्याकडे. मी हारांची पिशवी आवरायला लागले. "हो," ते गुंजनला म्हणाले, आणि फोटो तिला परत दिला. पुढचा सगळा कार्यक्रम त्यांनी नीट पार पाडला, पोरांना पेढे वाटले, आणि एसटी पकडून गेले.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी पोचलो तर शाळा उघडायच्या आधीच गुंजनची आई फाटकाशी उभी. शेतावर जायच्या तयारीत, डोक्याला फडकं बांधलेलं. ती काही तक्रार करायला आली नव्हती, उलट तिला संकोच वाटत होता.

"सर, फोटो लय मस्त आला जी," ती म्हणाली. "पण पोरगी कालपासून आरशापुढून हटून नाई राह्यली. मले विचारते, आई, मी फोटोतल्यासारखी कधी होईन? मी काय सांगू तिले?"

सर तिला म्हणाले की तुमी जा शेतावर, मी पाहतो. ती गेल्यावर ऑफिसात आले आणि दार लोटून घेतलं. सात वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"त्या पोरीनं माह्यासमोर कान उघडा ठेवला होता, मॅडम. तुमच्या फोटोनं तिले सांगतलं, बाई, नसता ठेवला तं बरं झालं असतं."

मी चिडले. चूक माझीच होती म्हणून जास्त चिडले. म्हटलं, "तुमचे फोटो हलले होते सर. नऊपैकी सात. काय करायचं होतं मी?"

हे इतकं स्पष्ट त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले. उजवा हात डाव्या हातानं धरला आणि मांडीवर ठेवला, तरी तो हलतच होता.

"हललेले द्याचे होते," ते म्हणाले. "हललेला फोटो खोटा नसते."

मला लाज वाटली. ती कशाची, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. गुंजनच्या बाबतीत मी चुकले हे तर उघडच होतं. पण एका माणसाच्या हातून त्याचं शेवटचं काम मी काढून घेतलं होतं, आणि वर त्याला ते त्याचंच आहे असं सांगितलं होतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, म्हणजे माफ केलं की नाही ते कळलं नाही, आणि मग विचारलं की रविवारी सकाळी तुमची गाडी आहे का.

अशा रीतीनं एप्रिलमधल्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी सहाला मी लोणकर सरांना मागे बसवून पंचवीस किलोमीटर स्कूटी चालवत गेले. वाटेत त्यांनी मला दोनदा सांगितलं की खड्डे पाहून चालवा, कॅमेरा हाये.

गुंजनच्या घराला मधली एक खोली आहे, तिला पूर्वेकडून दार. भाव वाढेल म्हणून त्या खोलीत कापूस अजून ठेवलेला होता, गठोडी बांधून. दारातून सकाळचा उजेड आत येत होता. सरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, इथंच. गुंजनला उंबऱ्याच्या आत पाटावर बसवलं. आता कॅमेरा. हातात धरला तर हलणार हे त्यांनी पहिल्यांदाच न बोलता मान्य केलं. स्टुलावर ठेवून पाहिला, स्टूल डगमगलं. स्टुलाखाली वही घातली. नवऱ्याच्या ट्रंकेवर ठेवा म्हणून गुंजनच्या आईनं ट्रंक ओढत आणली, ती फार खाली झाली. शेवटी तीच म्हणाली, "गठोड्यावर ठेवा ना जी."

सरांनी कॅमेरा कापसाच्या गठोड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी आत दाबला. तो तिथं असा रुतून बसला की हलायचं नाव नाही. मग दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय लावली, म्हणजे बटण दाबताना बोट थरथरलं तरी बिघडणार नाही. ते बटण शोधण्यात, दाबण्यात आणि चुकीचं दाबण्यात पाऊण तास गेला. पहिल्या फोटोत गुंजनचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात शेळी. तिसऱ्यात मी, कारण मला वाटलं निघाला. पुढचे पाच-सहा ठीक होते, पण सर प्रत्येक वेळी नाई म्हणून मान हलवायचे.

गुंजननं केस पुढे घेतलेले होते. आता तर जास्तच, चापूनचोपून. मी मनात म्हणत होते, सांगा ना तिला. एक वाक्य सांगा. उजेड चालला, मला वर्ध्यात जाऊन स्वयंपाक करायचा आहे, हिला सांगा की केस मागे घे. सर सांगेनात. नवाचा पाढाही म्हणायला लावला नाही. तिच्याशी गप्पा मारत बसले, नव्या शाळेला बस कोणती जाते, मराठीला कोण आहे. मी दाराबाहेर जाऊन कपाळ धरून उभी राहिले.

आत गरम व्हायला लागलं होतं. कापसाच्या खोलीत हवा नसते. गुंजनच्या मानेवर घाम आला. "काय गरमी होऊन राह्यली," ती म्हणाली, आणि मनगटावरचा रबर काढून तिनं सगळे केस वर घेऊन कसाबसा अंबाडा बांधला. सरांनी बटण दाबलं होतं. ती मानेचा घाम पुसत, काहीच मनात नसल्यासारखी दाराकडे बघत होती, तेव्हा कॅमेरा वाजला.

सरांनी मागच्या पडद्यावर पाहिलं. मला दाखवलं नाही. म्हणाले, चला.

एक मेला झेंडावंदन आणि निकाल. सर आदल्या दिवशीच रिटायर झाले होते, नारळ-शाल घेऊन झाली होती, तरी आले. बाकीच्या आठ जणांना त्यांनी आपले ते हललेले-कापलेले फोटोही आणून दिले, पल्लवीच्या फोटोंबरोबर दोन्ही ठेवा म्हणून. एका पोराच्या बापानं विचारलं की सर, त्या दिवशी भूकंप आलता का. सर हसले. मी सात वर्षांत त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते नेमकं आता हसले याचाही मला थोडा राग आला.

गुंजनला त्यांनी शेवटी बोलावलं. लिंबाखाली दोघं उभे होते, मी निकालपत्रकांवर सह्या करत व्हरांड्यात. तिनं विचारलं, "सर, पह्यला वापस द्या लागन का?"

"नाई. दोनी तुह्यापाशी ठेव," ते म्हणाले. "कोणता भिंतीवर लावाचा ते तू ठरवजो. आज नाई ठरवलं तरी चालते."

मग त्यांनी पाकिटातून नवा फोटो काढून तिच्यापुढे धरला. उजव्या हातात धरला होता. तो हात ते दोन वर्षं सगळ्यांपासून खिशात लपवत आले होते, माझ्यापासून, पल्लवीपासून, वहिनींपासूनसुद्धा. फोटो त्या हातात असा थरथरत होता की तिला त्यातलं काही दिसेना. गुंजननं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि मग फोटो पाहिला. खूप वेळ पाहत राहिली. सरांनी हात सोडवून घेतला नाही.